दळणातली घट

माझी जाऊ शोभा तिच्या अंगणात उभी राहून रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारते, आणि हाक मारून झाल्यावर तिला धाप लागत नाही. दीड वर्षापूर्वी मी बारामतीच्या दवाखान्यात नाकात नळी घालून पडले होते. तेव्हा मला सगळ्यात जास्त मत्सर वाटला असेल तर तिच्या त्या हाकेचा. तिच्या गोऱ्या रंगाचा नाही, आबा तिच्याच हातचा चहा मागतात त्याचाही नाही. म्हणजे त्यांचाही वाटायचाच, पण ते जुनं होतं, सवयीचं होतं.

हे मी लिहायला घेतलं ते माझ्यासारख्या बायांसाठी. कुणाची पिठाची गिरणी असेल, कुणाचं मसाला कांडायचं यंत्र, कुणी एका कोंदट खोलीत दिवसभर शिलाई मारत असेल. खोकला आला की आपण म्हणतो, धुळीचा आहे, जाईल. मी बारावीपर्यंत शिकलेय, त्यामुळं माझं मीच लिहिलंय. शोभाबद्दल वाचून कुणाला मी वाईट बाई वाटले तर वाटू दे. खोटं लिहून कुणाचा खोकला बरा होणार नाही.

गिरणी

आम्ही अंथुर्ण्याचे. आमचे सासरे, आबा, जन्मभर मेंढरांमागं फिरले. पुढं मेंढरं विकली, थोडी शेती घेतली. आमचे मालक थोरले, ते बारामतीला एमआयडीसीतल्या कंपनीत आहेत. धाकटे दीर शेती बघतात. वाटणीत घराचे दोन भाग झाले आणि मला रस्त्याकडची खोली मिळाली. तिथं मी गिरणी टाकली.

माझं माहेर सुप्याकडचं. तिथं प्यायच्या पाण्याला रांगा लावून वाढलेली मी. त्यामुळं माझ्या नावाची काहीतरी वस्तू चालतेय, तिच्या आवाजानं गाव सकाळी उठतंय, याचं मला केवढं अप्रूप. लोक मला गिरणीवाल्या वहिनी म्हणायचे. नवऱ्याचं नाव मागं पडलं, याचा मला मनातून आनंद व्हायचा.

दहा वर्षं गावाच्या आमच्या बाजूला माझी एकटीचीच गिरणी. मग शोभानं टाकली. तिच्या भावानं डाळजहून टेम्पोत यंत्र आणलं. माझ्या खोलीच्या मागच्या बाजूला तिचं अंगण आहे, तिथं लिंबाच्या झाडाखाली चार खांब रोवले, वर पत्रा टाकला, बाजू सगळ्या मोकळ्या. पहिला पेढा तिनं मला आणून दिला.

"अक्का, तुमचं बघूनच सुचलं मला," ती म्हणाली.

मी पेढा खाल्ला आणि आठ दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

आता घटीचं सांगते, कारण माझं दुखणं तिथनंच सुरू झालं. दळायला आणलेली ज्वारी वजन करून घेतात आणि पीठ वजन करून देतात. थोडं पीठ यंत्रात राहतं, थोडं उडतं, म्हणून पीठ नेहमी जरा कमी भरतं. त्याला घट म्हणतात. गिऱ्हाईक घटीवरून जेवढं भांडतं तेवढं दुसऱ्या कशावरून भांडत नाही. शोभाच्या उघड्या पत्र्याखाली वारं सुटलं की पीठ सगळं लिंबावर. लिंबाचा पाला पांढरा व्हायचा. मला वाटलं, हीच वेळ आहे.

माझ्या खोलीला रस्त्याकडं एक खिडकी होती, आणि मागच्या भिंतीत, शोभाच्या अंगणाच्या बाजूला, एक्झॉस्ट पंखा. पंखा पीठ ओढून बाहेर टाकायचा. मी पंखा काढला आणि ते भोक विटांनी बुजवलं. खिडकीला प्लायवूड ठोकलं. दाराला पोत्याचा पडदा लावला. आणि बाहेरच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून घेतलं, 'येथे दळणात घट येत नाही.'

खरं सांगायचं तर फरक पडला तो चिमूटभर. पण लोकांनी पाटी वाचली. शोभाकडं गेलेली निम्मी गिऱ्हाइकं महिन्याभरात परत आली.

विटा लावायचं काम चाललं होतं तेव्हा शोभा भिंतीशी येऊन म्हणाली, "अक्का, का बुजवताय? आत कोंडंल की तुमाला."

मी मनात म्हटलं, तुझ्या पोटात दुखतंय म्हणून बोलतीयस. माझं पीठ उडावं, माझी घट वाढावी, असं वाटतंय तुला.

आबासुद्धा काठी टेकत आले. आत डोकावले आणि म्हणाले, "मंगल, मेंढराला आमी वाघर लावायचो. जाळीच्या आत मेंढरं, वारं इकडनं तिकडं जायाचं. भिंतीच्या खोलीत न्हाय कोंडली कदी. कोंडली की खोकत्यात."

"मी काय मेंढरू हाय का आबा?" मी म्हटलं. ते शोभाच्या ओट्यावर चहाला जाऊन बसले.

खोकला

पहिलं वर्षभर नुसत्या शिंका. मग खोकला. सकाळी गिरणी चालू केली की तासाभरानं छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, रविवारी गिरणी बंद असली की जरा बरं. हे मला कळत होतं. पण कळूनही माणूस कळत नसल्यासारखं वागतं, ते मी फार चांगलं केलं. तोंडाला ओढणी बांधली. हळददूध, काढा, ज्येष्ठमध झालं. गावातल्या डॉक्टरनं दिलेल्या गोळ्यांनी चार दिवस थांबायचं, पाचव्या दिवशी पुन्हा सुरू.

मग लोक कुजबुजायला लागले. हिला टीबी असंल. एक बाई पिठाचा डबा हातात न घेता म्हणाली, खाली ठेवा वहिनी, मी उचलते. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले.

मालकांशी रोज भांडण. ते म्हणायचे, चल दवाखान्यात. मी म्हणायचे, गिरणी बंद ठेवली की गिऱ्हाईक तिकडं जातं, आणि एकदा गेलं की येत नाही. ते चिडून म्हणाले, "तुला मरायचंय का?" मी म्हटलं, "मेले तर तिचं बरंच होईल." असं मी खरोखर म्हटलं.

शेवटी एका सकाळी ज्वारीचा डबा काट्यावर ठेवायला उचलला आणि तो तसाच हातातून सुटला. ज्वारी खोलीभर. मी त्यातच बसले. श्वास आत जात होता पण पुरत नव्हता. गिऱ्हाइकानं आरडाओरडा केला आणि सगळ्यात आधी धावत आली ती शोभा. तिनं मला काखेत धरून बाहेर आणलं. तिला धाप लागली नव्हती, हे मी तेवढ्यातही बघितलं.

निदान

बारामतीच्या छातीच्या डॉक्टरांकडं आधी थुंकी तपासली, रक्त काढलं, फोटो काढला. टीबी नव्हता. मग त्यांनी एक प्लास्टिकची नळी हातात दिली. जोरात फुंकायचं, त्यावरचा काटा सरकतो, तुमच्या फुंकेत किती जोर आहे ते कळतं. माझ्या आधी शाळेच्या ड्रेसमधली एक मुलगी होती, तिनं फुंकलं आणि काटा सर्रकन वर गेला. मी फुंकलं. काटा जरासा हलला आणि थांबला. मला त्या पोरीचा एवढा राग आला की तिच्या आईशी नजर मिळवली नाही.

"काय काम करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"पिठाची गिरणी हाय."

"खोलीला खिडक्या किती?"

"एक खिडकी, एक पंख्याचं भोक."

"उघडं असतं ना?"

मालक म्हणाले, "बुजवलंय सगळं."

"का?"

"बाहेरनं धूळ येती," मी म्हटलं. मालकांनी माझ्याकडं बघितलं.

डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "उन्हाच्या तिरिपेत कण नाचताना दिसतात ना, ते जाड. ते नाकात अडकतात, शिंकेबरोबर जातात. त्याहून बारीक असतात ते दिसत नाहीत. ते खाली बसत नाहीत, गिरणी बंद केली तरी हवेत तरंगत राहतात. बाहेर जायला वाट नसली की तुमच्या छातीत जातात. पिठानं तुम्हाला दमा झालाय आणि आत सूजही आहे. अजून हाताबाहेर गेलेलं नाही. पण त्याच खोलीत परत बसलात तर जाईल."

मला एवढंच कळलं की वर्षानुवर्षं मी जी घट वाचवत होते, ती माझ्याच छातीत साठत होती.

नऊ दिवस

दवाखान्यात नऊ दिवस होते. नाकात ऑक्सिजनची नळी, दिवसातून चारदा औषधाचा वाफारा, हाताला सलाईन. पहाट झाली की सिस्टर येऊन वॉर्डच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडायच्या. थंडीचे दिवस होते. सगळ्या पेशंट बायका कुरकुरायच्या. सिस्टर म्हणायच्या, "गोधडी घ्या अंगावर, पण खिडकी लावायची नाही. हवा खेळती पाहिजे." मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचे.

शेजारच्या खाटेवर इंदापूरकडच्या एक आजी होत्या. त्यांना तिसऱ्याच दिवशी घरी सोडलं. जाताना त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवायला आल्या आणि मी झोपल्याचं सोंग केलं. आजारी माणूस सोशिक होतं असं लोक सांगतात. मी नाही झाले. जो कुणी पाय वाजवत, बोलत बोलत जिना चढून यायचा, त्याचा मी राग केला. मालक दोन घास खाऊन समाधानानं ढेकर द्यायचे, त्याचासुद्धा.

आणि ते दोन घास कुणाचे? शोभाचे. रोज डबा यायचा. ज्वारीची भाकरी, मेथी, लसणाची चटणी. दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "भाकरी किती पांढरीशुभ्र झालीय बघ. पीठ तिच्याकडचंच हाय."

मी तोंड फिरवलं. पण त्या औषधांनी भूक अशी लागायची की अर्ध्या तासानं मीच डबा ओढून दोन भाकरी संपवल्या. मावशी होत्या वॉर्डात, झाडू मारणाऱ्या. त्यांनी ते बघितलं आणि हसून पाण्याचा ग्लास पुढं केला. खोकल्याची उबळ आली की त्या न सांगता माझ्या पाठीला हात लावून उभ्या राहायच्या. त्या नऊ दिवसांत फक्त त्यांचा मत्सर मला वाटला नाही.

पाचव्या दिवशी डॉक्टर मालकांना म्हणाले, "घरी गेलात की गिरणी बंद ठेवून, खोली झाडून, मधोमध उदबत्ती लावा. धूर कुठं जातो ते बघा. यांनाही दाखवा."

दुसऱ्या दिवशी मालकांनी व्हिडिओ कॉल केला. माझी खोली दिसली. यंत्र बंद, दाराला पडदा. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला, छताला लागला आणि तिथंच पसरून राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कुठं हलला नाही. त्या धुरात मी सात वर्षं दिवसाचे आठ-आठ तास बसले होते.

घरी

सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने गिरणीत पाय ठेवायचा नाही. नंतरही बसायचं असेल तर खोलीत हवा एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं निघाली पाहिजे. नुसता मास्क लावून, एक खिडकी उघडून भागणार नाही. मालकांनी त्याच संध्याकाळी यंत्र विकायचा विषय काढला.

"विकली तर मी कोण?" मी विचारलं. "नुसती तुमची बायको?"

त्यांना ते लागलं. पण त्यांनी यंत्राला गिऱ्हाईक बघायचं थांबवलं.

तीन महिने ओट्यावर बसून मी शोभाच्या अंगणात जाणारे डबे बघत होते. माझ्याच गिऱ्हाइकांचे डबे. झाकणावर नावं रंगवलेली, सगळी मला तोंडपाठ. तिची गिरणी दिवसभर चालायची आणि तिची हाक रस्त्यापलीकडं जायची. मी दम्याच्या औषधाचा पंप ओढायचे, चूळ भरायचे आणि जळायचे.

तीन महिन्यांनी गवंडी बघितला. रस्त्याकडची खिडकी उघडायला काही अडचण नव्हती. पण पंख्याचं भोक शोभाच्या अंगणात निघत होतं. पंखा बसवला तेव्हा तिथं मोकळी जागा होती, आता तिचं शेड. माझं पीठ तिच्या अंगणात उडणार, म्हणजे तिला विचारायला पाहिजे. ज्या बाईशी मी वीस वर्षं मनातल्या मनात भांडले, तिच्याकडं हवा मागायला जायचं होतं.

गेले. आणि शेडपाशी जाऊन थांबले. चारही बाजूंनी निळी ताडपत्री बांधली होती, वरपासून खालपर्यंत, नायलॉनच्या दोरीनं आवळून. ओट्यावरून मला तिची नुसती कड दिसायची, वाटायचं थंडीची बांधली असेल.

आत शोभा गिरणी चालू करायच्या आधी यंत्राला हळदकुंकू लावून उदबत्ती ओवाळत होती. तिनं ती यंत्राजवळ खोचली. धूर सरळ वर गेला, पत्र्याला लागला, आणि तिथंच राहिला.

"ताडपत्री कशाला बांधलीस?" मी विचारलं.

"तुमी दवाखान्यात गेल्यावर सगळं गिऱ्हाईक हिकडंच आलं. आन् येऊन सगळी मलाच बोलायची. गिरणीवाल्या वहिनींकडं घट न्हवती, तुज्याकडंच का येती? मग काय करू? तुमच्यावानी बंद करून घेतलं." ती हसली, आणि हसता हसता खोकली. मी भिंतीतलं भोक परत पाडायचं विचारलं. "भिताडाचं काय म्हणताय अक्का? पाडा की. ती हवा काय माजी हाय व्हय?"

मी बरं म्हटलं आणि परत आले. धुराबद्दल एक शब्द बोलले नाही.

हे लिहायला मला चार दिवस लागले, पण लिहिते. मला बरं वाटलं होतं. अगदी आतून गार वाटलं. मनात आलं, कळू दे तिला. एकदा तिलाही डबा हातातून सुटू दे, तिलाही नळी लागू दे, मग बघू ती हाक कुठपर्यंत जाते. दोन दिवस मी हे मनात धरून बसले आणि दोन्ही दिवस मला जेवण गोड लागलं.

तिसऱ्या दिवशी गवंड्यानं भोक पाडलं, खिडकीचं प्लायवूड काढलं. मी खोलीच्या मधोमध उदबत्ती लावली. धूर जरा वर गेला, वाकला आणि मागच्या भोकातून निघाला. मी भोकापाशी जाऊन बघत राहिले. धूर शोभाच्या ताडपत्रीपाशी जाऊन विरला. आत गिरणी चालू होती. तेवढ्यात शोभानं शेडातूनच रस्त्यापलीकडच्या कुणाला तरी हाक मारली.

हाक पुरी झाली नाही. मधेच तुटली. मग खोकल्याचा आवाज आला, आणि तो थांबेना.

तो खोकला मला ओळखीचा होता. मी स्वयंपाकघरातून विळा घेतला आणि गेले. आत जाऊन आधी गिरणी बंद केली, मग दोऱ्या कापल्या. एका बाजूची ताडपत्री खाली आली, मग समोरची. शोभा खोकत खोकत बघत राहिली. तिला वाटलं, अक्कांचं डोकं फिरलं.

"काय करताय? घट यील की."

"येऊ दे," मी म्हटलं. "तुला खोकला कधीपास्नं हाय?"

"दोन म्हयनं."

"आन् सांगितलं न्हाईस?"

"तुमाला कशाला सांगू? तुमी खूश झाला असता."

मी खाली बसले. म्हटलं, "दोन दिवस झालेय खूश."

मग तिनं माझ्या हातातला विळा घेतला आणि तिसऱ्या बाजूची दोरी कापली.

आता

पुढच्याच आठवड्यात मी तिला बारामतीला घेऊन गेले. तिनं तीच नळी फुंकली. काटा माझ्यापेक्षा दुप्पट वर गेला. मला ते बघून चटकन लागलं, खोटं कशाला सांगू. डॉक्टर म्हणाले, "हिला वेळेत आणलंत. तुमच्यासारखं व्हायच्या आत." तिला पंप दिला, तो तीन महिन्यांत सुटला. माझा सुटणार नाही.

भिंतीवरची पाटी मी चुन्यानं पुसून काढली. मधे एक तात्या आले, जुनं गिऱ्हाईक. पीठ काट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "वहिनी, कमी भरलं की. पूर्वी तुमच्याकडं असं न्हवतं."

"उडालं तात्या," मी म्हटलं. "पलीकडं जावा, तिथं पण उडतंय."

ते कुरकुरत डबा घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात परत आले, कारण दोन्हीकडं सारखंच.

ज्यांच्याकडं असं काही काम चालतं, त्यांना माझं एवढंच सांगणं. काम बंद ठेवा, जागा झाडून घ्या, एक उदबत्ती लावा आणि धूर कुठं जातो ते बघा. धूर थांबला तर तुम्ही तिथं थांबू नका. आणि शेजारणीच्या खोलीतही एकदा लावून बघा, तुमचं तिच्याशी पटत नसलं तरी.

माझी गिरणी सकाळी तीन तास चालते. तेवढंच झेपतं. शोभाची दिवसभर चालते. अधूनमधून ती अंगणात येऊन रस्त्यापलीकडं हाक मारते. तेव्हा मी यंत्र बंद करते आणि ऐकते. हाक पुरी होईपर्यंत माझा हात थांबलेला असतो. पुरी झाली की मग मी यंत्र चालू करते आणि निवांत जळते.